सुई बंद

आये, आज मी चार बायांसमोर उभं राहून सांगितलं, की माझ्या आईने मला लपवलं होतं. तुझं नाव घेतलं नाही, पण आई एकच असते, त्यामुळे नाव घेतल्यासारखंच झालं. आजवर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगला असताना मैत्रिणी विचारायच्या, इथल्या शाळेत हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मी म्हणायचे, लहानपणी देवी आल्या, त्यात डोळा गेला. देवी आल्या हे खरं आणि डोळा गेला हेही खरं. मधलं तेवढं मी सोडून द्यायचे. आज ते मधलं बोलून आले आणि दुपारपासून हातून काही धड होत नाही. भात करपला. वह्या तपासायला घेतल्या तर बरोबर उत्तरावर फुली मारली, मग ती खोडताना कागद फाटला. म्हणून वह्या बाजूला ठेवून हा कागद घेतला. काय झालं ते तुला सांगायला हवं, आणि सांगायचं तर मागून सुरुवात करायला हवी, कारण तुझ्यामाझ्यात हे कधी ओळीने बोलून झालंच नाही.

भात झोडून खळं मोकळं झालं की आपल्या ओटीवर गाठोडी यायला लागायची. बेटेगावाकडून, तारापूरच्या वाड्यांमधून बाया डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या, पाणी प्यायच्या, आणि गाठोडं सोडताना उगाच हसायच्या, कारण घरातले जुने कपडे दुसऱ्या बाईपुढे उघडायचे म्हणजे जरा लाजच वाटते. विटलेली लुगडी, धोतरांचे तुकडे, पोरींचे परकर. तू एकेक कापड उजेडासमोर धरायचीस, दोन बोटांनी ताणून बघायचीस आणि म्हणायचीस, हे वर, हे पोटात. चांगलं टिकलेलं लुगडं गोदडीच्या वर यायचं आणि झिजलेलं सगळं पोटात जायचं. मग सारवलेल्या जमिनीवर पहिला थर अंथरून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा. त्यावर दुसरा थर, तिसरा, मग भोकं पडली असतील तिथे ठिगळं, आणि आधी लांब लांब टाके घालून सगळे थर बांधून घ्यायचे. नंतर तू त्या कापडावरच बसायचीस आणि कडेपासून आत येत जायचीस, एका चौकोनाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, मधोमध हाताच्या पंजाएवढी जागा उरेपर्यंत. सगळ्यात शेवटी लुगड्याचा काठ चारी बाजूंनी. काठ लागला की गोदडी पुरी. काठ लागेपर्यंत तू कुणालाही ती अंगावर घेऊ द्यायची नाहीस.

मी तुझ्याबरोबर शिवायला बसायचे तेव्हा तू नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचीस. माझा उजवा डोळा गेलेला. म्हणजे तू मला दिसायची नाहीस. मान पुरती वळवली तर दिसायचीस, पण शिवताना मान कोण वळवतं? मला तू ऐकू यायचीस. जाड कापडातून दोरा ओढल्याचा सर्र आवाज, मग जरा थांबणं, मग परत सर्र. मी लहान असताना मला वाटायचं की त्या बाजूने मला काही लागू नये म्हणून तू तिथे बसतेस. आत्या म्हणायची, तसं काही नाही, आपण काय केलं ते सारखं डोळ्यांसमोर राहावं म्हणून ती तिथे बसते. दोन्ही खरं असेल.

काय केलंस ते मला तुझ्या तोंडून कधीच कळलं नाही, ते आत्याच्या तोंडून कळलं. बाची ती मोठी बहीण, नवरा गेल्यावर आपल्याकडे राहायला आलेली, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. मी पाच वर्षांची असताना मला ताप भरला. साधा ताप समजून तू मला शेजारी निजवलंस आणि एका नव्या नवरीच्या गोदडीला काठ लावायला बसलीस, कारण दुसऱ्या दिवशी ती सासरी जायची होती. तू काठ पुरा केलास. सकाळी माझ्या कपाळावर फोड दिसले. आत्याने तुझ्या हातातली सुई हिसकावून घेतली, चिंधीला टोचली आणि चिंधी वाशात खोचून ठेवली. देवी घरात आली की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत आणि सुई बंद, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तुलाही होतं. तुला फक्त एवढं ठाऊक नव्हतं, की आदल्या दिवशीच देवी घरात येऊन बसली आहे. फोड सुकून खपल्या पडल्या, मी डोळे उघडले, तेव्हा उजवा डोळा पांढरा झालेला होता. आत्या म्हणाली, "वयनी, तू काठ शिवत बसलीस आन बायच्या डोल्यात टाका गेला."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की मला ते घरातल्या भांड्यांच्या आवाजासारखं झालं होतं. विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, कुणी नवीन पाहुणी आली की तिच्यापुढे. तू कधी उत्तर दिलं नाहीस. पण त्यानंतर घरात कुणाचं अंग जरा तापलं की तू सुई चिंधीला टोचून वाशात खोचायचीस. बाला पडसं झालं तरी सुई बंद. एकदा म्हैस चारा खाईना तेव्हाही तू तीन दिवस सुईला हात लावला नाहीस. बा वैतागून म्हणाला, "म्हशीला काय देवी येनार हाय?" तू म्हणालीस, "येली तर? मंग कोन सांगल, माजं चुकलं?" गोदड्या वेळेवर होईनात, आणि काही बायांनी आपली गाठोडी परत नेली.

त्याच्या आधीचं एक मात्र माझं स्वतःचं आहे, ते मला कुणी सांगितलेलं नाही. देवीच्या तापाच्या आधीचा पाऊस संपलेला. देवीची लस टोचणारा गावात आला होता, खाकी पिशवी आणि डोक्यावर टोपी. मागल्या खेपेला शेजारच्या पोराचा दंड टोचल्यावर सुजला होता आणि तो आठवडाभर रडत होता, ते तू पाहिलं होतंस. तू मला उचललंस आणि ओटीच्या कोपऱ्यात गोदड्यांची चवड होती, तिच्यातली वरची मोठी गोदडी, आपल्या घरची, तिच्या घडीत मला निजवलंस. घडीचं तोंड भिंतीकडे केलंस, म्हणजे मला श्वास घेता येईल आणि समोरून काही दिसणार नाही. "हलायचं नाय, बाय. खोकायचं नाय." आणि तू शेजारी बसून शिवायला लागलीस. मी आत आहे. गोदडीच्या वरचं लुगडं जुनं, लाल, जागोजागी विरलेलं. त्यातून उजेड आत येतोय आणि माझे हात लाल दिसताहेत. दोन्ही डोळ्यांनी मी ते बघते आहे. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास येतोय. बाहेर तो विचारतो, "पोरं किती?" तू म्हणतेस, "एक पोरगी हाय, मामाकडं गेली." माझा अंगठा घडीतून बाहेर आलेला आहे, आणि तू न बघता गुडघ्याने तो आत ढकलतेस. तो दारावर खडूने काहीतरी खूण करतो, त्याच्या चपला अंगणातून जातात. मग तू गोदडी उलगडतेस, आणि आपण दोघी हसतो. तू पदर तोंडात धरून हसतेस. "कसा फसवला," म्हणतेस, आणि मला गुळाचा खडा देतेस. माझ्या लहानपणात तू इतकी हसलेली मला पुन्हा कधी आठवत नाहीस.

शाळेत मी डोळ्यामुळेच गेले, हेही तुला माहीत आहे. आपल्या घरात तोवर कुणी पाटी हातात धरली नव्हती. आत्या म्हणाली, पोरीच्या जातीला शाळा कशाला. तेव्हा तू एकदाच तिच्यापुढे तोंड उघडलंस. "हिला कोन करून घेनार? शिकू दे. शिकली तर कोनाच्या दारात उबी राहनार नाय." मी शिकले. मास्तरांनी माझ्याकडून गोधडी हा शब्द पाटी भरून लिहून घेतला, कारण मी गोदडी लिहिलं होतं. घरी येऊन मी तुला शिकवायला गेले, "आये, गोदडी नाही. गोधडी." तू सुईतून नजर न काढता म्हणालीस, "तुजी गोधडी तू पांगर. आमाला गोदडीच बरी, तिच्यात थंडी वाजत नाय."

पालघरला मामाकडे राहून मी पुढचं शिकायला लागले तेव्हा सुट्टीला घरी यायचे. आठवीत होते. इंग्रजीच्या मास्तरांनी एक दिवस सांगितलं, की आपण सुईच्या भोकाला नेढं म्हणतो, पण इंग्रजीत त्यालाच सुईचा डोळा म्हणतात. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मग सुई पण एकडोळीच की, हिच्यासारखी." सगळ्या हसल्या, मीही हसले. तिचं बोलणं मला खरंच गमतीचं वाटलं होतं. सुट्टीला आले तेव्हा मी सुई ओवत बसले होते. एका डोळ्याने सुई ओवणं कठीण जातं, दोरा नेढ्याच्या पुढे आहे की मागे ते कळतच नाही. त्यावर तूच मला शिकवलं होतंस, की दोऱ्याचं टोक आधी नखावर टेकवायचं, नेढं नखाशी आणायचं आणि मग दोरा सरकवायचा. तसं करता करता मी तुला ती गंमत सांगितली. उजवीकडचा आवाज थांबला. मी मान वळवली तर तू तिथे नव्हतीस. परसात जाऊन उभी होतीस, केळीकडे तोंड करून. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आत्याचं ते वाक्य माझ्यासाठी भांड्यांचा आवाज असेल, तुझ्यासाठी नव्हतं. तू ते खरं मानत होतीस.

म्हणूनच पुढच्या वर्षी आरोग्याच्या पुस्तकात देवीचा धडा आला तेव्हा मी तो पाठ केला. देवीचे फोड डोळ्यात आले तर बुबुळावर व्रण पडतो आणि दृष्टी जाते. सुईचा उल्लेखही नाही. मी दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत राहिले. काहीतरी मोठं घेऊन घरी चालले आहे असं वाटत होतं. नुसतं सांगून भागायचं नाही, पुस्तकही दाखवायचं, म्हणून ते पिशवीत घातलं. तुला अक्षर येत नव्हतं, तरी.

तू गोदडीवर बसलेली, मी तुझ्या डाव्या हाताला. मी म्हटलं, "आये, डोळा सुईने जात नाही."

"कोन बोललं?"

"पुस्तकात आहे. देवीचे फोडच डोळ्यात येतात. तू शिवलं नसतंस तरी गेला असता."

तू दोन टाके घातलेस. मग म्हणालीस, "खरं?"

"खरं. हे बघ, चित्र पण आहे."

"मंग तुजी आत्या येडीच म्हनायची," तू म्हणालीस, आणि तुझा आवाज मला हलका वाटला. मी पुस्तक मिटलं. मला इतकं बरं वाटलं होतं, की मी गुणगुणत टाके घालायला लागले. सर्र, सर्र. मग तू सहज विचारलंस, "पन मंग सगल्यांना कुटं येतात देवी? ज्यांना नाय येत त्यांचं काय येगलं असतं?"

आणि मी, परीक्षेत विचारल्यासारखं, पाठ केलेलं म्हणून टाकलं, "त्यांनी वेळेवर टोचून घेतलेलं असतं."

उजवीकडचा आवाज थांबला. मी मान वळवली नाही. माझ्यासमोर पाटा होता, त्याच्याकडे बघत राहिले. पुष्कळ वेळाने तू उठलीस, आत गेलीस, आणि घरची ती लाल गोदडी घेऊन आलीस. उन्हात बसून तू ती उसवायला लागलीस. आधी काठ, मग कडेचा चौकोन. टाका कापायचा, दोरा ओढायचा, पुढचा टाका. दुसऱ्या कुणाची गोदडी हातात असेल तेव्हा ती शिवायचीस आणि मधल्या वेळात ही उसवायचीस. एकदा मी पाणी द्यायला आले तेव्हा तू लाल तुकडा हातात धरून म्हणालीस, "ह्येच कापड व्हतं."

मी म्हटलं, "जाऊ दे, आये."

तू विचारलंस, "काय जाऊ दे?"

एवढंच आपलं त्या गोष्टीवरचं बोलणं. मी सुट्टी संपवून पालघरला गेले. मला इतकंच कळत होतं, की आत्याने तुझ्यावर ठेवलेलं खोटं ओझं मी काढलं आणि त्या जागी खरं ठेवलं. खोटं ओझं तुला नाकारता तरी आलं असतं.

पुढच्या पावसात तुला कावीळ झाली. मी आले तेव्हा तुझे दोन्ही डोळे पिवळे झाले होते. तुला बोलायचाही कंटाळा येत होता, तरी मी कुणाच्या गोदडीला दोन टाके घालायला बसले तर तू हाताने खूण केलीस, सुई ठेव. मी म्हटलं, "आये, सुईने काही होत नाही, तुला सांगितलं होतं ना." तू म्हणालीस, "तू सांगितलं. तरी पन ठेव." मी सुई चिंधीला टोचली आणि वाशात खोचली. ती परत काढायला तू उरली नाहीस. लाल गोदडीचे सगळे तुकडे तू धुऊन, घड्या घालून एका फडक्यात बांधून ठेवले होतेस. आत्या ते गाठोडं खाडीत सोडायला निघाली होती. बाने तिला अडवलं आणि ते माझ्या ट्रंकेत ठेवलं.

आता आजचं. मी सफाळ्याच्या आतल्या बाजूला एका गावात शिकवते, शाळेमागच्या खोलीत राहते. आपल्याकडे तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम चालू आहे, बाने आपली ओटी बाहेरून आलेल्या दोन कामगारांना भाड्याने दिली आहे, ते त्याला चाचा म्हणतात आणि तो त्यांच्याशी मोडकं हिंदी बोलतो. इथे डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर देवीची साथ आहे. लस टोचणारे एक गृहस्थ शाळेत आले आणि म्हणाले, बाई, तुम्ही आमच्याबरोबर चला, लोक तुम्हाला ओळखतात. मी वर्गावर दुसऱ्या मास्तरांना बसवून निघाले. वाटेत मी त्यांना विचारलं, मी काय सांगायचं. ते म्हणाले, "तुम्ही फार बोलू नका, बाई. नुसत्या माझ्याबरोबर दारात उभ्या राहा." दोन दारं झाली तरी मला कळलं नाही. तिसऱ्या दारात ते म्हणाले, "बघा, या बाईंकडे बघा," आणि आतल्या बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं, वणांकडे, डोळ्याकडे, आणि मुकाट्याने पोरं पुढे केली. तेव्हा कळलं. आये, मी कुणाच्या दारात उभी राहू नये म्हणून तू मला शिकवलंस. मी उभी राहिले. काम होत होतं, म्हणून राहिले.

शेवटच्या झोपडीत एक मुलगा चटईवर पडलेला होता, उशाशी कडुलिंबाची डहाळी. त्याच्या अंगावर माशी बसू नये म्हणून त्याची आई पदराने वारा घालत होती. शेजारच्या दोनतीन बाया दारात होत्या. टोचणाऱ्यांनी विचारलं, "पोरं किती?"

"येकच. ह्यो पडलाय त्यो."

ते पुढच्या वाटेला लागले. मी तिथेच राहिले. कोपऱ्यात गोदड्यांची चवड होती. घडी केलेल्या गोदड्या कशा बसतात ते मला माहीत आहे, त्या आपल्या वजनाने सपाट होतात. ही चवड मधे फुगलेली होती, आणि वरच्या घडीचं तोंड भिंतीकडे होतं.

ती बाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुला पन आल्या व्हत्या?"

"हो."

"डोला त्यातच गेला?"

"हो."

"तुमी तर शिकलेली मानसं. तुला कसं नाय टोचलं?"

मला सांगता आलं असतं, की तेव्हा लस नव्हती. तोंडाशी आलंही होतं. पण ती चवड हलली. मी म्हटलं, "टोचणारा आला होता. माझ्या आईने मला लपवलं होतं. गोदड्यांत." मी गोदड्यांत म्हटलं, ध न घालता. ते आपोआप आलं.

मग दारातली एक म्हातारी म्हणाली, "आपलीच आय आन वैरीन झाली."

ती बाई उठली. तिने वरची गोदडी उचलून फेकली. आत पाचेक वर्षांची पोर होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि ती हसत होती. खेळ जिंकला असं तिला वाटत होतं. आईने तिला दंडाला धरून बाहेर आणलं तेव्हाही ती हसत होती, मी हाक मारल्यावर टोचणारे परत आत येऊन पिशवी उघडेपर्यंत. मग ती जी ओरडली ते अजून कानात आहे. तिच्या आईने तिचा हात घट्ट धरला होता आणि पूर्ण वेळ ती पोरीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी काय सांगितलं ते बायांकडून कळल्यामुळे परतताना टोचणारे खूश होते. म्हणाले, "चांगलं बोललात बाई. उद्यापासून प्रत्येक पाड्यावर हेच सांगायचं." मी त्यांना विचारलं, ती पोर वाचेल ना. ते म्हणाले, भाऊ आठवडाभर शेजारी पडलाय, तिच्या अंगात शिरली असेल तर टोचूनही काय सांगावं. थोडे दिवस बघायचं.

त्या म्हातारीला उत्तर द्यायचं माझ्या तोंडात होतं, आये. सांगायचं होतं की वैरीण नव्हती. तिने घडीचं तोंड भिंतीकडे केलं होतं, मला श्वास घेता यावा म्हणून. माझा अंगठा आत ढकलला होता, गुळाचा खडा दिला होता, पदर तोंडात धरून हसली होती. पण मी ते सांगितलं असतं तर ती बाई उठली नसती. तिलाही तेच करायचं होतं, आणि तिलाही आपण बरोबर आहोत असंच वाटत होतं. त्या गोष्टीतून तुझं हसणं वगळलं तरच ती गोष्ट कामाची होते. उद्या मला ती पुन्हा सांगायची आहे, परवा दुसऱ्या पाड्यावर, आणि प्रत्येक वेळी तुला वैरीण करून. मी सांगणार आहे. पण तुला न विचारता सांगणं बरं वाटेना, म्हणून लिहायला बसले. विचारते आहे, आणि तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही. उद्या चूल पेटवायला जाईल.

एक राहिलं. ते गाठोडं मी इथे आल्यावर सोडलं. तुझे टाके निघाले तरी सुईची भोकं कापडात ओळीने राहिली होती. त्याच भोकांतून मी परत टाके घातले, कडेपासून आत, सुट्टीसुट्टीला थोडे थोडे. लाल लुगडं वर, बाकी पोटात. जिथे तू टाका आखूड घेतला होतास तिथे मीही आखूड घेतला. माझी उजवी बाजू भिंतीला लावून बसते. गोदडी सगळी जोडून झाली आहे, फक्त काठ लावायचा आहे. पाड्यावरून आल्यावर मी दाराला कडी लावली आणि काठ नसतानाच ती डोक्यावरून घेतली. उजेड तसाच येतो. कुणी येऊन ती उचलू नये, असं मला वाटलं.

काठ आज लावता आला असता. रीळ आहे, सुई आहे, उजेड पुष्कळ होता. वर्गात मी मुलांना सांगते, की सुईने काही होत नाही, आणि त्यांच्याकडून तसं लिहून घेते. पण ती पोर बरी राहते की नाही हे अजून कळायचं आहे. मी सुई चिंधीला टोचली आणि वाशात खोचून ठेवली.